मुकं माप

आमच्या घरात ‘एक’ हा आकडा नव्हता. मोजणी सुरू व्हायची ती ‘लाभ’ म्हणून, आणि मग दोन, तीन, चार. मीठ असो, ज्वारी असो की चारोळी, पायली भरून पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या फडक्यात उपडी केली की दुकानाचा मालक मोठ्यानं म्हणणार, ‘लाभ!’ एक म्हटलं तर लक्ष्मी एकावरच अडून बसते, असं बाबा सांगायचे. हे आमच्या अंगात इतकं मुरलं होतं की लहानपणी आदिलाबादला मावशीकडे गेले असता तिनं ‘पोळ्या किती वाढू गं?’ विचारल्यावर मी ‘लाभ’ म्हणाले. मावशीचे यजमान कचेरीत कारकून होते. ते ठसका लागेपर्यंत हसले, आणि पुढे माझं लग्न होईपर्यंत मला ‘या, लाभाबाई’ म्हणत राहिले. मला त्यांचा भारी राग यायचा. या रिवाजाला एक पक्का नियम होता, तो त्या कारकुनाला कुठला माहीत असणार! लाभ म्हणायचं ते ज्याचा माल त्यानं. माप नोकर टाकत असला तरी गादीवरून मालक म्हणणार. घेणाऱ्यानं तर तोंड उघडायचंच नाही. दुसऱ्याच्या मालावर लाभ म्हणणं म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलणं, असं आमच्यात मानत.

आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी, उटनूरच्या वाटेवर. गाव कसलं, आंब्याच्या झाडांखाली भरणारा आठवड्याचा बाजार आणि त्याच्या कडेनं वसलेली चार घरं. वाण्याचं घर आमचं एकट्याचं. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये गोणपाटाचा पडदा. त्या पडद्याला मिठाचा ओला वास कायम असायचा, पावसाळ्यात तर हात लावला की बोटं खारट. सकाळी मी जागी व्हायचे ती लाकडी मोगरीनं मिठाचे खडे फोडण्याच्या आवाजानं. माय तेव्हा चुलीवर कण्या शिजवत असे आणि पाट्यावर जवसाची चटणी वाटत असे. हिवाळ्यात वांग्याच्या भाजीवर कच्चं जवसाचं तेल, उन्हाळ्यात आंबाडीची सुकी भाजी, भाकर. आजही माझी सून मला विचारते, ‘आई, तुम्हाला सगळंच अळणी का लागतं?’ काय सांगू तिला? माझं अख्खं बालपण खारवलेलं आहे.

आसपासच्या डोंगरांत गोंडांची गावं होती. चैत्र-वैशाखात बायका-माणसं जंगलातून चारोळी गोळा करून, वाळवून बाजाराला आणायची आणि मीठ घेऊन जायची. मापाला माप. एक पायली चारोळी द्या, एक पायली मीठ न्या. मीठ आदिलाबादच्या स्टेशनावर आगगाडीनं यायचं आणि तिथून आमच्या गाडीनं. चारोळी त्याच गाडीनं उलट जायची. त्या शहरात चारोळी काय भावानं जाते आणि मीठ काय भावानं येतं हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बाबांच्या तोंडाकडे बघतच राहिले. शिवाय आमच्या दुकानात पायल्या दोन होत्या, घेण्याची वेगळी, देण्याची वेगळी. दिसायला जुळ्या बहिणी. घेण्याच्या पायलीचं पोट जरा खोल होतं, इतकंच. मला कोणी ते शिकवलं नव्हतं, पण कुठली कधी पुढे करायची ते मला ठाऊक होतं. आणि तेच माझे बाबा डोंगरात तापाची साथ आली की कोयनेलच्या गोळ्या घेऊन पाड्यापाड्यानं हिंडायचे, गोंडी अस्खलित बोलायचे, त्यांच्या लग्नांत रात्रभर ढोल ऐकत बसायचे. दोन्ही खरं होतं. माणूस काही पायली नव्हे, की उपडा केला आणि किती भरला ते कळलं.

मग डोंगरात जमिनीसाठी गोंडांचं बंड झालं. पोलिस वर गेले, माणसं मेली, खाली आमच्या बाजारात आठवड्यांमागून आठवडे कुत्रं फिरकेना. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली. गोंडांना जमिनीचे पट्टे मिळू लागले आणि एका बाजारदिवशी डफावर थाप पडून दवंडी आली. कायद्याचा कागद मी कधी वाचला नाही, दवंडीत ऐकलं तेच सांगते. पहिल्यांदा उर्दूत, मग मराठीत, मग गोंडीत ओरडून सांगितलं गेलं की या टापूत यापुढे दुकान मांडायचं ते गोंडानं. बाहेरच्या व्यापाऱ्यानं सरकारच्या इजाजतीशिवाय मांडलं तर माल जप्त आणि माणूस टापूबाहेर. मीठ-चारोळीची मापास माप अदलाबदल बंद. गोंडीतली दवंडी संपली. बायका डोक्यावरच्या टोपल्या सावरत आमच्या दुकानाकडे बघत होत्या.

बाबा इजाजतीसाठी आदिलाबादला जाऊन आले. तिथं त्यांना उभंसुद्धा केलं नाही. गाडीतून उतरले, पाय धुतले आणि ओट्यावर बसून राहिले. माय म्हणाली, “काय म्हनले?”

“म्हनले, गोंड हाय का तू? नसशील तं वाट पकड.”

“मग आता?”

बाबांनी अंगणात बैल सोडत असलेल्या लच्चूकडे पाहिलं. लच्चू आमचा गाडीवान, जातीनं गोंड. आमच्याकडे आला तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं, आता दोन लेकरांचा बाप. गाडी हाकायचा, पोती उचलायचा, बाजारदिवशी माप टाकायचा. तो पायली उपडी करायचा आणि गादीवरून बाबा म्हणायचे, ‘लाभ!’ वर्षानुवर्षं हे असंच. हात त्याचा, शब्द बाबांचा.

“आता दुकान लच्चूचं,” बाबा म्हणाले, आणि इतक्या दिवसांनी हसले.

अशी ती युक्ती. दुकान लच्चूच्या नावावर, धंदा आमचा. लच्चूला हंगामाच्या शेवटी नावापुरती पोतंभर ज्वारी. तहसिलीतून गिरदावर, म्हणजे महसुलाचा तपासनीस, आला, त्यानं लच्चूचा अंगठा घेतला, आमच्याकडे जेवला आणि गेला. माझ्या नातवानं परवा मला मोठ्या कौतुकानं सांगितलं की राखीव कोट्यातली गॅसची एजन्सी त्यानं आपल्या ड्रायव्हरच्या नावावर घेतली आहे. ‘नाव त्याचं आजी, गल्ला माझा.’ मी त्याला इतकंच म्हटलं, ‘बाबा रे, त्या ड्रायव्हरला तू काय काय बोलायला शिकवलंयस ते आठवून ठेव.’ तो हसला. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं हसण्यावारीच जायचं असतं.

पण कायदा करणारेही दुधखुळे नव्हते. हंगाम तोंडावर आला आणि बातमी आली की हैदराबादेहून आलेला एक साहेब बाजार-बाजार हिंडून दुकानं तपासतो आहे. पलीकडच्या बाजारात एका सावकाराचं दुकान असंच नोकराच्या नावावर निघालं. साहेबानं नोकराला दोन प्रश्न विचारले, तो रडायला लागला. सावकाराचा माल रस्त्यावर आला, त्याचं बिऱ्हाड एका गाडीत घालून टापूबाहेर काढलं, आणि त्या गोंड नोकराचा नवा पट्टा रद्द झाला तो वेगळाच. हे ऐकल्यापासून आमच्या घरात कोणाला अन्न गोड लागेना. माय भाकर थापता थापता मध्येच थांबायची आणि दाराकडे बघायची. बैलाची घंटा वाजली तरी बाबा ताटावरून उठायचे. आमची जमीन नव्हती, दुसरं घर नव्हतं. जे होतं ते त्या पोत्यांत होतं.

रोज दिवेलागणीला दुकानात तालीम सुरू झाली. बाबा साहेब व्हायचे आणि लच्चूला गादीवर बसवायचे. पहिल्या दिवशी तो गादीवर बसेचना, खाली पोत्यावर टेकला. मीच त्याला म्हटलं, “अरे बस ना, चावते का?” तेव्हा बसला, पण काठावर.

“दुकान कोनाचं?” बाबा विचारायचे.

“माझं,” लच्चू पुटपुटायचा.

“जोरात म्हन! भीक मागून राह्यला का?”

“माझं.”

“माल कोनाचा?”

“माझा.”

“अन हा वानी कोन?”

“गिऱ्हाईक.”

“हां. पुन्हा. दुकान कोनाचं?”

लच्चूची बायको जंगूबाई त्याला बोलवायला यायची आणि उंबऱ्याबाहेर बसून हे ऐकायची. कपाळभर गोंदलेली, नजर धारदार, बोलणं मोजकं. एका संध्याकाळी तिनं बाबांना विचारलं, “सावकार, रोज इतक्यांदा म्हनाले लावता. मंग त्याचं काय होते?”

“कशाचं?”

“म्हनल्याचं. तोंडातून निघालेलं कुठं जाते?”

बाबा हसले. “कुठं जाईल? हवेत.” जंगूबाई हसली नाही. लच्चूनं खाली मान घातली.

एकच अडचण निघाली. माप टाकताना आता मालक म्हणून लच्चूनंच ‘लाभ’ म्हणायला हवं होतं, आणि ते तो म्हणेना. एवढं पोरीलाही जमेल म्हणून बाबांनी मला ते शिकवायला सांगितलं होतं. मी हर प्रकारे सांगून पाहिलं. तो पायली भरायचा, तळहातानं सपाट करायचा, उपडी करायचा, आणि गप्प. दुसऱ्या मापाला मात्र स्वच्छ ‘दोन’.

“काऊन रे? जीभ दुखते का?” मी वैतागून विचारलं.

“माय माझी बियानं काढे ना,” तो म्हणाला, “तवा पयलं माप मुक्यानं टाके. पयलं माप भुईचं असते बाई. त्याच्यावर आपन बोलत नाई.”

मी ते बाबांना सांगितलं. बाबांना आदिलाबादहून मीठ यायची घाई, साहेबाची धास्ती. ते म्हणाले, “नको म्हनू दे. हैदराबादच्या साहेबाले काय समजते लाभ अन तोटा! ‘माझं’ तेवढं जोरात म्हटलं म्हंजे झालं.” एवढं सगळं बारीक बघणारा माणूस, पण तिथंच चुकला. लच्चूच्या जिभेचा विचार त्यांनी केला, आपल्या जिभेचा नाही.

दुपारी बाबा जेवून आडवे झाले की दुकानात लच्चू एकटा असायचा. पडद्याच्या फटीतून मी त्याला पाहिलं आहे. तेव्हा तो काठावर बसायचा नाही. मांडी घालून गादीच्या मधोमध बसायचा आणि डबीतला चुना काढावा तसं पायलीच्या कडेचं मीठ नखानं साफ करत राहायचा. एखादी बाई आली की तिच्याशी गोंडीत बोलायचा, आणि ती बाई, जी बाबांसमोर पदर तोंडात धरून उभी राहायची, ती ओट्यावर टेकून घरचं सांगत बसायची. मी हे मायला सांगितलं. माय म्हणाली, “दिसते मले बी.”

साहेब आला तो ऐन वैशाखातल्या बाजारी. वारा पडलेला, आंब्याचं पान हलत नव्हतं. पहाटेपासून माय आणि मी पडद्याआड होतो. बाबांनी डोक्याची टोपी काढून ठेवली, जुनं धोतर नेसले, हातात फडकं घेतलं आणि गिऱ्हाइकांच्या घोळक्यात जाऊन उभे राहिले. स्वतःच्याच दुकानासमोर ते असे उभे राहिलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. घेण्याची खोल पायली मायनं आदल्या दिवशीच मागच्या दारी नेऊन त्यात माती भरून तुळशीचं रोप लावलं होतं. तेवढं तिनं कोणाला न विचारता केलं.

साहेब तरुण होता, उन्हानं लाल झालेला. बरोबर गिरदावर आणि दोन शिपाई. गिरदावर आमच्याकडे न बघता भलतीकडेच बघत होता. साहेब खुर्ची नाकारून सरळ दुकानासमोर उभा राहिला. चारोळीची टोपली घेऊन आलेल्या एका म्हातारीला त्यानं पुढं घेतलं आणि लच्चूला म्हणाला, “चलो, मियाँ, बाई को नमक दो. जैसे रोज देते हो वैसे.”

लच्चूनं पायली मिठात खुपसली. डोंगरातले लोक कोंडाळं करून उभे होते, त्यांचा मुखिया, पटेल, पुढे. लच्चूनं पायली वर काढली, तळहातानं सपाट केली. म्हातारीनं फडकं पसरलं. त्यानं पायली उपडी केली आणि गप्प राहिला.

मी बाबांकडे बघत होते. पहिलं माप पडलं आणि वर कोणी काही बोललं नाही. आमचं मीठ, आमचं पहिलं माप, आणि मुकं! बाबांच्या मानेची शीर फुगली. त्यांनी ओठ आवळले. आणि मग जन्मभराची सवय त्यांच्या तोंडातून बाहेर पडली, गादीवरून पडायची तशीच खणखणीत.

“लाभ!”

मायनं माझा दंड इतका घट्ट धरला की तिची बोटं उमटली. बाबांचा हात आपोआप तोंडावर गेला होता, पण शब्द तर गेला होता.

साहेब सावकाश वळला. “किसने बोला?”

कोणी सांगायची गरजच नव्हती, बाबांचा हात अजून तोंडावरच होता. साहेब दोन पावलं त्यांच्याकडे गेला. “हमारे दादा भी अनाज का धंदा करते थे,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. “हमारे यहाँ पहले नाप पर बरकत बोलते हैं. और वो बोलता है जिसका माल है. लेनेवाला नहीं बोलता. तुम तो लेनेवाले हो ना?”

बाबांचा चेहरा मिठासारखा पांढरा झाला. साहेबानं त्यांना तसंच सोडलं आणि लच्चूकडे आला. “अब तू बोल. डर मत. सच बोलेगा तो तेरा कुछ नहीं बिगड़ेगा. ये दुकान किसकी है?”

तो क्षण मी किती वेळा आठवला असेल! खरं सांगितलं तर लच्चू सुटणार होता. साहेबानं सगळ्यांदेखत शब्द दिला होता. तो फक्त बाबांकडे बोट दाखवू शकला असता आणि आम्ही संध्याकाळच्या आत गाडीत बसलो असतो. लच्चूनं बाबांकडे पाहिलं. मग पटेलाकडे, मग घोळक्यात उभ्या असलेल्या जंगूबाईकडे. मग त्यानं पायली मांडीवर घेतली, तिच्यावर हात ठेवला, आणि कोणी जोरात म्हण असं न सांगता म्हणाला,

“माझी हाय.”

“फिर ये आदमी लाभ क्यूँ बोला?”

“मले त्यानंच शिकवलं साहेब. जुनी सवय हाय त्याची. जाते हळूहळू.”

कोणीतरी फिसकन हसलं. साहेब हसला नाही. त्यानं पटेलाला विचारलं, “पटेल, ये सच बोल रहा है?” पटेल म्हणाला, “पायलीवर हात ठेवून म्हनला. आमच्या सगळ्याइच्या म्होरं म्हनला. मंग दुकान त्याचंच हाय.”

साहेबानं लच्चूकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटतं त्याला सगळं समजलं होतं. तो म्हणाला, “ठीक है. तो आज से माल तेरा, गादी तेरी. ये आदमी गादी पर दिखा तो मैं तुझसे पूछूँगा.” मग म्हातारीला तिच्या चारोळीचं काय ते चोख मिळालं आणि साहेब पुढच्या बाजाराला निघून गेला.

आम्ही वाचलो! मला हसू फुटलं आणि रडूही. बाबा मागच्या दारानं आत आले, गटागटा पाणी प्यायले आणि म्हणाले, “पाहिलं? पोपटासारखा बोलला गडी. याले औंदा दोन पोते ज्वारी देतो.” मायनं गुळाचा चहा ठेवला. बाहेर बाजार चालू होता आणि लच्चूचं माप पडत होतं. पहिलं मुकं, मग दोन, तीन, चार.

बाजार उठला. सूर्य डोंगराआड जात होता. बाबांनी टोपी घातली, दुकानात गेले आणि नेहमीसारखा किल्लीसाठी हात पुढे केला. लच्चू गादीवर बसला होता. मधोमध, मांडी घालून. जंगूबाई ओट्यावर होती.

“किल्ली राहू द्या सावकार,” लच्चू म्हणाला.

बाबांना आधी समजलंच नाही. “काय राहू दे?”

“किल्ली. माझ्यापाशी राहू द्या.”

“येडा झाला का रे? ते साहेबाले दाखवाले होतं!”

“साहेबाले नाई म्हनलो मी. साहेब येते अन जाते. पटेल होता. माझे सोयरे होते. त्याइच्या म्होरं म्हनलो, माझं हाय. आता तुमाले किल्ली देली तं मी खोटा झालो ना सावकार.” तो गादीवरून हलला नाही. “तुमचा जो माल हाय त्याचं मी देईन. या हंगामात, मंग पुढच्या. बुडवनार नाई. पन दुकान आता...” तो थांबला. मग म्हणाला, “तुमीच म्हनाले लावलं. रोज.”

बाबांचा तो संताप मी पुन्हा कधी पाहिला नाही. “मी तुले उभं केलं! माझ्या भाकरीवर वाढला तू!” त्यांनी मिठाची मोगरी उचलली. लच्चूनं हात वर केला नाही. जंगूबाई मात्र उठून दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि मी पडदा बाजूला सारून किंचाळले, “बाबा!”

तेवढ्यात माय बाहेर आली. परक्या माणसांपुढं दुकानात पाऊल न टाकणारी माझी माय. तिनं बाबांच्या हातातून मोगरी काढून घेतली. “अवो, कोनाले मारून राह्यले? अन मारून जाता कुठं?”

“तहसिलीत जातो! फिर्याद देतो!”

“द्या. काय सांगसान? का दुकान माझंच होतं, मी याले खोटं नाव लावाले लावलं? सांगा. मग माल बी जाईन अन आपन बी.” तिनं मोगरी पोत्यामागे टाकली. “आपलेच दात अन आपलेच ओठ,” माय म्हणाली. “त्यानं दुपारी बोट दाखवलं असतं तं आता आपन गाडीत असतो. त्यानं नाई दाखवलं.”

लच्चूकडे वळून ती म्हणाली, “मालाचं देशील?”

“देईन माय.”

“घर?”

“घर तुमचं. जवरोक राहाचं तवरोक राहा.”

मायनं बाबांपुढे हात केला. कडदोऱ्याला बांधलेली दुसरी किल्ली बाबांनी स्वतः काढली, पण लच्चूला दिली नाही, मायला दिली, आणि मागच्या दारानं बाहेर निघून गेले. मायनं ती लच्चूपुढच्या पायलीत टाकली. त्या संध्याकाळी मला लच्चूचा इतका राग आला होता की तो मरावा असं मला वाटलं. त्यानं आम्हाला वाचवलं होतं हेही मला कळत होतं, आणि त्यामुळे राग आणखीच वाढत होता.

पावसाळ्यापूर्वी आम्ही आदिलाबादजवळ मावल्याला आलो. मावशीच्या यजमानांनी खटपट करून थोडी जमीन लागवडीला मिळवून दिली. बाबांनी वांगी लावली. वाण्याचा माणूस मातीत हात घालू लागला म्हणून लोक हसले, पण वांगी चांगली आली. लच्चूनं मालाचं सगळं दिलं, थोडं थोडं, उशिरा, पण दिलं. त्याचं दुकान काही लगेच नीट चालायला लागलं नाही. पहिल्या वर्षी त्यानं सोयऱ्यांना उधार देऊन देऊन मीठच संपवलं, आणि ऐन हंगामात बाजाराला मीठ नाही अशी गत झाली. ते ऐकून बाबा दोन दिवस खुशीत होते. मग जंगूबाई गादीवर बसू लागली, आणि तिच्याकडून उधार मागायची कोणाची छाती नव्हती.

बाबा त्या वाटेला परत जायचे नाहीत. घरात चारोळीचा शब्द निघत नसे. पण माझ्या लग्नाच्या वर्षी अवकाळी पावसानं आगगाडीचा रूळ वाहून गेला, आदिलाबादेत मिठाची टंचाई झाली, आणि डोंगराकडे लच्चूच्या दुकानात अजून मीठ आहे असं कळलं. माय म्हणाली, “लग्नघर हाय, अळनी जेवन वाढता का?” बाबांनी गाडी जोडली. मी हट्टानं बरोबर गेले.

दुकान तेच, गोणपाटाचा पडदा बदललेला. ओट्यावर बायका बसल्या होत्या. बाबा जाऊन रांगेत उभे राहिले, फडकं हातात घेऊन. त्या दिवशी उभे होते तसेच, पण आज खरोखरचे गिऱ्हाईक. त्यांची पाळी आली. लच्चूनं वर पाहिलं आणि उठून उभा राहिला. जंगूबाईनं मला जवळ ओढून तोंडावरून हात फिरवला. लच्चूनं पायली भरली, तळहातानं सपाट केली. ती फडक्यावर आणली आणि तशीच तिरपी धरून थांबला.

“सावकार,” तो म्हणाला, “आज तुमीच म्हना.”

सगळी माणसं बाबांकडे बघायला लागली. बाबांचे ओठ हलले. मग त्यांनी मान हलवली.

“माल तुझा हाय,” ते म्हणाले. “मी काऊन म्हनू?”

लच्चूनं माप टाकलं. बाबा गप्प राहिले. मी जन्मल्यापासून मिठाची हजारो मापं पडताना पाहिली होती, पण पहिलं माप फडक्यात पडतानाचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तोवर त्याच्यावर नेहमी बाबांचा आवाज असायचा.

लच्चूनं पायली पुन्हा भरली, उपडी केली, आणि ते दोघं एकदम म्हणाले, “दोन.”